श्वास धरा

यांच्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला, म्हणून किरणोपचार सुरू झाले. पहिल्या दिवशी यांना आत झोपवून तिथली मशीन चालवणारी मुलगी लगबगीने बाहेर माझ्याजवळ आली आणि जाड दार लागलं. ज्या किरणांपासून धडधाकट माणसं लांब राहतात, त्या किरणांत माझं माणूस एकटं होतं.

"काका, श्वास धरा," यकृत हलू नये म्हणून ती माइकवर म्हणाली.

समोरच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर यांची छाती थांबली. ज्यांच्या घोरण्यावर मी जन्मभर चिडले, ते इतके शांत! शेवटी असंच दिसत असेल का?

"सोडा आता."

छाती हलली. आतून यांचा घाबरा आवाज आला, "ही आहे ना बाहेर?"

मुलीने माइक माझ्यापुढे सरकवला. मी नुसती 'हो' म्हणून मान हलवत राहिले. आतून यांना ते दिसत नव्हतं.