रोवणीच्या रांगेत मला वगळलं

ब्लाऊजच्या गुंड्या उघड्या होत्या. पलंगाभोवती शिकाऊ पोरापोरींचा घोळका. डॉक्टर पेनच्या टोकानं माझ्या छातीवरची आडवी खूण दाखवत होते. इथून गाठीसकट स्तन काढला, इथं कातडी ओढून शिवली. बाई, यांना दाखवू का, असं मला कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

तपासणी संपत आली तशी मी जीभ रेटली. कितीतरी दिवस घोकून ठेवलेलं होतं. "साहेब, नवऱ्याजवळ गेली का लय दुखते. आग होते. गोळ्या सुरू झाल्या तवापासून. याच्यावर काई औषध आहे का?"

डॉक्टरांनी पेन खिशाला अडकवलं. "मुलं किती?"

"एक पोरगी."

"मग झालं की. जीव वाचलाय. देवाचे आभार मानायचे सोडून हे कसलं सुचतंय?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. डॉक्टर पुढच्या पलंगाकडे गेले, घोळका त्यांच्या मागे. मी गुंड्या लावायला घेतल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर नवरा डबा घेऊन बसला होता. "काय म्हणे डॉक्टर?"

"काई नाई. बरं आहे म्हणे."

तेव्हा माझं वय एकतीस. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूलच्या पुढं. आम्ही मासे धरणारी माणसं. नवरा तलावात जाळं टाकतो, मी मासे विकते, हंगामात धानाच्या रोवणीला जाते. नवरा वाईट नाही. कॅन्सरच्या औषधाच्या बाटल्या हाताला लागायच्या तेव्हा माझ्या ओकारीची बादली त्यानंच धुतली. पण ऑपरेशननंतर पहिल्यांदा जवळ आला आणि मी दुखून कळवळले, तेव्हापासून त्यानं अंथरूण ओसरीवर नेलं. सासूनं त्याला बजावलं, "तिचं आंग कच्चं आहे. तिच्याजवळ जाऊ नोको." शेजारीण म्हणाली, हा रोग जवळ गेल्यानं लागतो. सगळ्यांनी माझी काळजी घेतली. सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी ठरवूनही टाकलं. तुला काय हवं, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

मला हवं होतं. सरळच सांगते, मला माझा नवरा जवळ हवा होता. त्याच्या अंगाला येणारा तलावाचा वास हवा होता. एक छाती गेली म्हणून इच्छा जात नाही. पण हे कोणाला सांगणार? सांगितलं होतं एकाला, तर तो घोळका हसला.

मग रोवणी आली. ऑपरेशनच्या बाजूचा डावा हात अजून सुजायचा, म्हणून मी उजव्या हातानं जमेल तेवढीच रोपं, आमच्याकडचे परे, लावायची. आमच्याकडे रोवणीत बायकांच्या तोंडाला लगाम नसतो. गडी लांब धुऱ्यावर, बांधावर असतात. वाकलेल्या रांगेत थट्टा एकीकडून दुसरीकडे जाते. कोणाचा नवरा कसा, कोण रात्री जागली, सगळं चिखलात उघडं. विधवांनाही सुट्टी नसते. त्या दिवशी रांगेची म्होरकी पारूबाई नव्या नवरीपासून सुरू झाली.

"काऊन वो, झोप नाई झाली वाट्टे. परे वाकडे लागून राह्यले."

रांग खिदळली. मग सून आलेल्या शेवंताकडे वळली. "तुया बुढा तं आता नुसता खोकलते."

शेवंताच्या शेजारी मी. पारूबाईनं माझ्याकडं पाहिलं, नजर काढून घेतली आणि माझ्या पलीकडच्या बाईला धरलं. मला वगळलं.

दया होती ती. कळत होतं मला. पण अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरांनी हाकललं ते गिळलं होतं, हे गिळवेना. माझ्याच बायांनी मला बायांतून काढलं होतं. मी कंबर ताठ केली.

"पारूबाई, मले काऊन सोडलं?"

"तुयं दुखणं मोठं आहे माय. तुले काय बोलाव?"

"एक छाती गेली. बाई आहे ना मी अजून? मलेबी बोल."

रांग थांबली. पारूबाईनं कपाळाचा घाम कोपरानं पुसला. "बरं. मंग सांग, तुया नवरा ओसरीवर काऊन झोपते? तू घोरते का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि हसता हसताच बोलून गेले, "मले दुखते म्हणून. डॉक्टरले विचारलं तं त्यानं पोरायसमोर हासं केलं माह्यं."

आता कोणी हसेना. शेवंतानं मान वर न करता म्हटलं, "मलेबी दुखते. पिशवी काढली तवापासून. म्या तं कोणालेच नाई सांगतलं." मागून आणखी एकीचा आवाज आला, "मलेबी."

पारूबाई म्हणाली, "मंग पुन्हा विचार ना वो. त्यानं छाती शिवली, तोंड तं नाई ना शिवलं."

मला वाटायचं ही लाज माझी एकटीची आहे. त्या दिवशी चिखलात उभ्या उभ्या मला राग यायला लागला. माझी छाती चारचौघांत उघडी ठेवताना त्या माणसाला संकोच वाटला नाही. माझ्या प्रश्नाचा मात्र विटाळ झाला. तो राग अजून गेलेला नाही.

पुढच्या तारखेला नवऱ्याला हाताला धरून आत नेलं. डॉक्टर आले, घोळका आला. "ब्लाऊज काढा."

मी हात गुंड्यांवर घट्ट ठेवले. "तपासाले आली, साहेब. पोरायले दाखवाले नाई. त्यायले बाहेर पाठवा. अन् मागच्या बारीले विचारलं त्याचं उत्तर द्या."

"तू मला शिकवणार?"

"नाई. विचारून राह्यली."

नवरा भिंतीला टेकून उभा होता. मान खाली, पण हलला नाही. हळूच म्हणाला, "सांगा ना साहेब. मलेबी माईत नाई."

डॉक्टरांनी पोरांना बाहेर काढलं, चिठ्ठी खरडली आणि आम्हाला वरच्या मजल्यावरच्या बाई डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी दोघांनाही बसवलं. गोळ्यांमुळे आतून कोरडं पडतं, म्हणून दुखतं. त्यासाठी हार्मोन नसलेली जेली मिळते. हार्मोनचं काही आपल्या मनानं लावायचं नाही. गोळ्या सुरू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत, त्यासाठी तांबी बसवता येते. घाई करायची नाही. जवळ आल्यानं हा आजार लागत नाही, उलटतही नाही.

नवऱ्यानं विचारलं, "त्या जागी हात लागला तं तिले काई होत नाई ना?"

"तिला चालत असेल तर काही होत नाही."

एवढंच होतं. चहा थंड व्हायच्या आत सांगून झालं. एवढ्यासाठी वर्षभर आम्ही एका घरात दोन जागी झोपलो. जिना उतरताना मला रडू आलं नाही. दात आवळले गेले.

सगळं नीट झालंय असं नाही. कधी दुखतं. कधी आरशात बघून माझं मलाच नको होतं. मग मी नको म्हणते आणि तो थांबतो. हवं असलं तर तेही मीच सांगते.

येत्या तारखेला शेवंता माझ्यासोबत येणार आहे. तिची सून जाऊ नका म्हणते, लाज काढाल म्हणते. शेवंता तरी येणार. डॉक्टर ओरडले तर ओरडू देत. कोणाला हसायचं असेल तर त्यानं आमच्या डोळ्यांत बघून हसावं. उत्तर मिळेपर्यंत आम्ही दोघी त्या खोलीतून हलणार नाही.