सासू पाण्याला गेल्यावर

महाडच्या दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हा एक्स-रे काढायला एक गृहस्थ होते. बोलणं कमी. कुणी घाई केली की चष्मा पुसत बसायचे. पोटात दुखतंय म्हणून बाई आली, की आधी तिच्या सासूला पाणी आणायला पिटाळायचे. मग भिंतीकडे तोंड करून मला म्हणायचे, "सिस्टर, आता विचारा. पोटातल्या बाळाला हे किरण बाधतात."

मला राग यायचा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं असताना ही कसली चौकशी?

एकदा कापड्याहून डोलीतून एक पोर आणली. उजवीकडे पोटात कळा, अंगात ताप. सासू म्हणाली, "दिवसबिवस काय नाय तिला." पोरीनंही मान हलवली. सासू पाण्याला गेल्यावर मी पुन्हा विचारलं, तशी ती रडायला लागली. "तिसरा म्हयना हाय गो बाय. आधीची दोन गेली, म्हून कुनाला सांगितला नाय."

हे ऐकून एक्स-रेवाले तडक डॉक्टरांकडे गेले. "फोटो काढणार नाही. हातानं तपासा." डॉक्टर भडकले, पण तपासलं. अपेंडिक्स सुजलं होतं. दुपारीच ऑपरेशन झालं. पोर वाचली, पोटातलंही राहिलं.

संध्याकाळी मी त्यांचं कौतुक केलं. त्यांनी खणातून एक जुनी फिल्म काढून खिडकीच्या उजेडात धरली. बाईच्या कमरेच्या हाडांमध्ये बोटभर लांबीचा, माशाच्या काट्यासारखा एक कणा दिसत होता.

"हिनंही मान हलवली होती," ते म्हणाले. "मी सासूसमोर विचारलं होतं."