भिंतीवरचं डांगर

लाल भोपळ्याला आमच्याकडं डांगर म्हणतात. अख्खं डांगर माळ्यावर ठेवा, सहा महिने त्याला काही होत नाही. पण एकदा फोडलं की चार दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर हाताला बुळबुळीत लागतं. आमच्या गल्लीतल्या किश्शांचंही तसंच. एक सांगितला की बाकीचे घरात राहत नाहीत. नात म्हणाली, "आजी, तू बोल, मी लिहिते." झालं, कोयता लागला!

*

डांगर बाईनं फोडायचं नसतं. पहिला घाव पुरुषाचा, मग फोडी बाईच्या. सासूबाई म्हणायच्या, "डांगर म्हंजी घरातला थोरला ल्योक. त्याच्यावर बाई कोयता कशी चालवील?"

एकदा घरी पाहुणे यायचे होते, मसाला वाटून तयार, आणि आमचे मालक मळ्यात. गल्लीत एक पुरुष दिसेना. तेवढ्यात लाईटचं मीटर बघायला येणारा दादा आला. चांगला पोट सुटलेला, दोन लेकरांचा बाप. मी कोयता त्याच्या हातात दिला.

"मावशी, मी रीडिंग घ्यायला आलोय!"

"घे की. आधी एवढं फोड."

फोडलं बिचाऱ्यानं. जाताना चांगली मोठी फोड त्याच्या गाडीला लावून दिली. पुढच्या महिन्यात तो दारातूनच ओरडला, "मावशी, आधी सांगा, डांगर अख्खं हाय का फोडलेलं?"

*

फोडलेलं डांगर एका घरात संपत नाही. म्हणून फोडी वाटायच्या. आमच्या शेजारी मार्थाबाई. शाळेत मास्तरीण होत्या, आता रिटायर. त्यांना फोड दिली की त्या नाताळात करंज्या देतात, मी दिवाळीत देते. ताटली कधी रिकामी परत करायची नाही, हा गल्लीचा कायदा.

एकदा मी मार्थाबाईंना फोड दिली. त्यांच्या घरी सकाळीच भाजी झालेली. त्यांनी ती दुकानवालीला दिली. दुकानवालीनं शिंपीणकाकूला. संध्याकाळी शिंपीणकाकू पदराखाली ताटली झाकून आमच्याकडं आल्या. "म्हटलं, तुमच्याकडं नसंल."

मालकांचा हात वाकडा. त्यांनी घातलेला घाव मी लांबून ओळखायची. सून मनीषा आत पळाली आणि तोंडात पदर कोंबून म्हणाली, "आत्या, आपली लेक एका दिवसात माहेरी आली!"

*

आता भिंतीपलीकडची सांगते. तिकडं माझी धाकटी जाऊ राहते, शकू. तीस वर्षं आम्ही एका चुलीवर असल्यासारख्या राहिलो. मग मी एक वेल लावला. वेल भिंत चढून तिच्या पत्र्यावर गेला आणि त्याला एकच डांगर धरलं. तेही तिच्या पत्र्यावर!

मी म्हटलं, "वेल माझा."

ती म्हणाली, "पत्रा माझा."

मी सगळ्या गल्लीसमोर म्हटलं, "मग पत्र्याचीच भाजी कर!"

गल्ली हसली. शकू हसली नाही. मालकांनी पत्र्यावर चढून डांगर उतरवलं, मधोमध फोडलं, अर्धं इकडं, अर्धं तिकडं. पण त्या दिवसापासून शकूचं माझ्याशी बोलणं बंद.

बोलणं बंद, फोडी चालू! मी फोड ताटलीत घालून भिंतीवर ठेवायची आणि चमच्यानं ताटली वाजवायची. ती घ्यायची. दुसऱ्या दिवशी भिंतीवर ताटली वाजायची. बघावं तर गरम घारगे. शकूसारखे घारगे गावात कुणाला जमत नाहीत. मी खात खात तिच्यावर रागावायची.

मालक गेले तेव्हा ती आली. तेरा दिवस माझ्या घरात भाकरी थापल्या. मला बळंच चहा पाजला. पण शब्द एक नाही. चौदाव्या दिवशी तिच्या घरी गेली, आणि मला घर तेव्हा खरं रिकामं वाटलं. रोज वाटायचं, आपण हाक मारावी. पण मी थोरली ना! जीभ उचलायची नाही.

*

मनीषा मोबाईलवर बघून उरलेल्या डांगराचा केक करते. कुकरमध्ये खाली मीठ, वर डबा. शिट्टी काढून ठेवायची, झाकणाचं रबरही काढायचं, पाणी घालायचं नाही. हे मला कुणी सांगितलं?

ती केक ठेवून दुकानात गेली. मी बघितलं, शिट्टी नाही, रबर नाही, पाण्याचा थेंब नाही. म्हटलं, पोरगी विसरली, कुकर जळंल. दोन तांबे पाणी ओतलं, रबर बसवलं, शिट्टी लावली. चार शिट्ट्या घेतल्या!

रात्री मुलानं एक घास खाल्ला. मग म्हणाला, "मस्त झालंय. चटणी कुठंय?"

*

त्यानंतर मनीषा मला कुकरजवळ फिरकू देईना. नाताळ आला तेव्हा मार्थाबाई म्हणाल्या, "बेकरीच्या भट्टीत द्या की. आम्ही सगळे तिथंच देतो." बेकरीवाला सणाला घरोघरचे डबे भाजून देतो. प्रत्येक डब्याला नावाची चिठ्ठी. मला लिहिता येत नाही, मनीषा माहेरी गेलेली. मीच केक कालवला आणि वर डांगराच्या पाच बिया टोचल्या.

संध्याकाळी बघते तर भट्टीच्या आचेनं सगळ्या चिठ्ठ्या काळ्याठिक्कर! वीस डबे एकसारखे. शिकलेल्या बाया नुसता वास घेत उभ्या. बेकरीवाला माझा डबा पुढं करत म्हणाला, "आजी, तुम्ही निघा. या लिहिणाऱ्यांचं चालू द्या!"

*

आणि हा यंदाचा.

भिंतीच्या बुडाशी आपोआप वेल उगवला. कुणी लावला नाही, कुणी पाणी घातलं नाही. डांगर धरलं ते बरोबर भिंतीच्या माथ्यावर. ना माझ्याकडं, ना तिच्याकडं. वाढता वाढता घागरीएवढं झालं. मी रोज बघायची. तीही बघायची. हात कुणी लावला नाही. देठ वाळला, वेल सुकला, तरी डांगर तिथंच.

गेल्या मंगळवारी दुपारी भिंतीवर ताटली वाजली. बघितलं तर ताटली रिकामी! गल्लीचा कायदा मोडला. रिकामी कसली, आत कोयता. मला वाटलं, आता मारामारीच!

मी पाटावर उभी राहिले. पलीकडं शकू बादली पालथी घालून तिच्यावर चढलेली. डोक्यावरचे केस पांढरे झालेले, मालक गेल्यापासून मी इतक्या जवळून बघितलेच नव्हते. आमचा मुलगा कामावर. दीर नेवाशाला गेलेले. गल्लीत एक पुरुष नाही.

शकूनं कोयता उचलला. माझ्याकडं बघितलं.

"आक्का," ती म्हणाली, "नीट धरा. माझ्याकडं पडलं तर माझं हां!"

मी दोन्ही हातांनी धरलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली आणि मीटरवाला दादा पोट सावरत, धापा टाकत पळत आला, "मावशी, थांबा! थांबा! मी आलो!"

आम्ही दोघी एकदमच ओरडलो, "तू रीडिंग घे!"