खडूची रेघ

माझे भावोजी शिंपी. बाहीत दोऱ्याएवढा फरक पडला तरी अख्खी बाही उसवून पुन्हा शिवणारा माणूस. ताईचं पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की चार वर्षांच्या जुळ्या पोरींना पंधरा दिवस तिच्या अंगावर चढू देऊ नका. घरी येताच भावोजींनी टेप लावला आणि पलंगापासून बरोबर सहा फुटांवर आपल्या खडूने रेघ मारली.

"हिच्या पुढे यायचं नाही," त्यांनी पोरींना दम भरला.

पोरी दिवसभर रेघेवर बूड टेकून आईकडे बघत बसायच्या. रोज सकाळी फरशी पुसली की रेघ जायची आणि भावोजी ती नव्याने मारायचे, पण टेप न लावता.

आठव्या दिवशी मी गेले, तर रेघ पलंगापासून जेमतेम हातभर. दोघी ताईच्या लोंबत्या हाताचं एकेक बोट धरून बसलेल्या.

"भावोजी, हे सहा फूट?"

"रोज धुऊन धुऊन खोली आटली," ते मान वर न करता म्हणाले.

ताई टाके सांभाळत हसली. "दोन बोटं तर पोचली. मी भरून पावले."

त्याच दुपारी भावोजींनी पुन्हा फरशी धुवायला घेतली.