परातीतलं वर्गसमीकरण

माझी नणंद मला आवडत नाही आणि तिलाही मी आवडत नाही. पण साजगावच्या कारखान्यात पॅकिंगवरून मशीनवर जायचं तर दहावी पास पाहिजे होतं. मी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळा सुटली तेव्हा नववीच्या गणितात दोनदा आपटले होते, आणि घरात गणित येणारी ती एकटीच. अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

माझ्यासाठी वहीचं पान खर्चायला ती तयार नव्हती. मी भाकऱ्यांना बसले की परातीत तांदळाचं पीठ पसरून बोटानं लिहायची: 2x² = 7x − 3.

"सांग वैनी, a, b, c कोण?"

"दोन, सात, उणे तीन."

"आदी सगळं एका बाजूला घे गं! उजवीकडं शून्य आल्याबिगर अक्षरांना हात लावायचा नाय." पुसून तिनं लिहिलं: 2x² − 7x + 3 = 0. "वर्गापुढचा तो a. नुसत्या x पुढचा b. एकटा राहिला तो c."

"दोन, सात, तीन."

"उणे सात! चिन्ह कुटं गेलं?"

उणेची रेघ ती इतकी हलकी ओढायची की पीठ सरकून बुजून जायची. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, "दिसत नाय तर चष्मा लाव." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

x² − 9 = 0 ला मी म्हटलं, "यात b नाय."

"नाय कसा? b शून्य हाय. a तेवढा शून्य चालत नाय, मग वर्गच उरत नाय. शिरलं का डोक्यात?"

शिरलं.

मी मशीनवर लागले तर पहाटेची पाळी, म्हणजे स्वयंपाक तिच्या गळ्यात आणि तिचं कर्जतचं कॉलेज बंद. सासूबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून तसं बजावलं होतं. दुसऱ्या दिवशीही ती परात पुढ्यात ओढून बसली, आणि माझ्यावर खेकसली.

मी पास झाले. मशीनवर लागले. तिचं कॉलेज सुटलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंही बोलत नाही, मीही नाही.

एखादी गोष्ट तिनं मला मुद्दाम उलटी शिकवली असती, तर मी नापास झाले असते आणि ती आज शेवटच्या वर्षाला असती. तिनं सगळं बरोबर शिकवलं. तिचा सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतो.