एका नटाखालचे दोन मॅनिफोल्ड

"शिट्टी वाजतेय," सुमनकाकी म्हणाल्या.

माझ्या गाळ्यात इंजिन चालू होतं, शेजारी पत्रा ठोकत होते, आणि ऐंशीच्या घरातल्या या बाई बॉनेटपाशी स्टूल टाकून कान देऊन बसल्या होत्या. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी कार्ब्युरेटर साफ करायचा, पेट घेणारा स्प्रे घेतला आणि मॅनिफोल्डच्या जोडावर थोडा फवारा मारला. इंजिनाचा आवाज लगेच बदलला. म्हणजे जोडातून बाहेरची हवा आत ओढली जात होती. काकींचं बरोबर होतं. अशी माणसं मला आवडतात आणि त्यांचा थोडा रागही येतो.

वसई पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझं मशीन शॉप आहे. इंजिनाची हेड सपाट करणं, बोअर करणं ही रोजची कामं. बाईमाणूस लेथवर काय करणार, असं विचारणारे आता उरले नाहीत. ते सगळे कधी ना कधी काम घेऊन माझ्याच दारात आले.

काकी गिरीजच्या, केळी-नारळाच्या वाडीतल्या. गाडी जुनी, विलायती. घेतली काकांनी, पण चालवली काकींनी, कारण काकांना क्लच कधी जमलाच नाही. वाडीतली भाजी, शाळेची पोरं, अवघडलेल्या सुना, सगळं त्या गाडीतून गेलं. काका गेले तेव्हाही दवाखान्यातून त्यांना घरी काकींनीच आणलं होतं. मुलगा संदेश मुंबईत बँकेत. माणूस वाईट नाही, पण गाडीच्या दुरुस्त्यांना विटला होता. लग्नाच्या शूटिंगला जुन्या गाड्या भाड्याने देणारा एक जण ती मागत होता आणि रविवारी गिरीजला येणार होता. मायलेकांत ठरलं होतं: गाडी माझ्या गाळ्यापासून घरापर्यंत बंद न पडता आली तर राहील. नाही आली तर चावी त्या माणसाच्या हातात.

आता थोडं यंत्राबद्दल. इंजिनाला श्वास घ्यायला एक नळ्यांचा जुडगा असतो आणि सोडायला दुसरा. पहिला इनटेक मॅनिफोल्ड, तो हवा आणि पेट्रोल आत नेतो. दुसरा एग्झॉस्ट मॅनिफोल्ड, तो जळका धूर सायलेन्सरकडे नेतो. या गाडीत दोन्ही एकाच बाजूला, खेटून बसतात. दोघांचे कान, म्हणजे आवळण्यासाठी बाहेर काढलेले चपटे भाग, शेजारी शेजारी येतात आणि अशा प्रत्येक जोडीवर मिळून एकच जाड वॉशर आणि एकच नट.

काकींचा जुना एग्झॉस्ट खाऱ्या हवेने गंजून तडकला होता. संदेशने परदेशातून ऑनलाइन दुसरा मागवला. इंजिन तेच, पण मॅनिफोल्ड नंतरच्या मॉडेलचा. तो बसवला पाचूबंदरच्या पास्कू मिस्त्रींनी. ते बोटींची इंजिनं करतात आणि काकींच्या जुन्या ओळखीचे. फट दिसली तेव्हा त्यांनी बोटीवर करतात तेच केलं: जाड गॅस्केट घातलं, त्यावर फटी बुजवायचा सफेदा थापला आणि पान्याला पाइप लावून आवळलं. मी त्यांना फोन केला. त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत.

"बोटीला आमी असाच लावतो. तिथं बाजूनं पानी फिरतं, थंड ऱ्हातं. हिला पानी नाय, ते माज्या ध्यानातच नाय आलं."

बोटीवर वर्षानुवर्षं टिकणारा तो सफेदा गाडीच्या कोरड्या उष्णतेत जळून राख झाला होता.

मी दोन्ही मॅनिफोल्ड उतरवले आणि जाडी मोजायला व्हर्नियर लावला. नव्या एग्झॉस्टचे कान इनटेकपेक्षा दीड मिलिमीटर जाड निघाले. दोन कमीजास्त उंचीच्या पाटांवर एकच फळी ठेवली तर ती डुलणारच. वॉशरही तसाच तिरका बसत होता. एग्झॉस्टला दाबायचा, इनटेकला सोडून द्यायचा.

मी दोघांची वॉशरकडची बाजू साफ केली, दोघांना एका जाड प्लेटवर शेजारी शेजारी बांधलं आणि मशीनवर एकाच कटमध्ये सपाट कापून काढलं. जाडी समान झाली. बसवलं, इंजिन चालू केलं. आवाज छान. संदेश ऑफिसातून येऊन बघत उभा होता, तोही हसला. मग इंजिन तापलं आणि काकींनी नकारार्थी मान हलवली. मी फवारा मारला. आवाज पुन्हा बदलला.

संदेश म्हणाला, "मॅडम, तुम्ही खूप केलंत. आता राहू दे."

मला कुणी राहू दे म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी त्याला सांगितलं की काम संपलं की मीच सांगेन, तोवर गाडी इथून हलणार नाही.

"थंड असताना गप्प असते, तापली की बोलायला लागते," त्या संदेशला म्हणाल्या. "तुझ्या बाबांसारखी."

मी हसले आणि हसता हसता थांबले. मी सगळं थंड असताना मोजलं होतं. ओतीव लोखंड तापलं की लांबतं आणि एग्झॉस्ट तर तो ज्याला बांधलेला असतो त्या हेडपेक्षा कितीतरी जास्त तापतो. नव्या मॅनिफोल्डची भोकं हेडमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यांवर, स्टडवर, घट्ट बसत होती. त्याला सरकायला जागाच नव्हती, म्हणून तो मधून वाकत होता आणि टोकांना वॉशर उचलून इनटेकला मोकळं करत होता. मी टोकांची भोकं थोडी लांबट केली. नट आधी हलकेच लावले, इंजिन तापू दिलं, मॅनिफोल्डला त्याची जागा घेऊ दिली आणि मग मधून सुरुवात करून टोकांकडे थोडं थोडं आवळत गेले. जोडावर फवारा मारला. आवाज तसूभर बदलला नाही.

काकींनी बराच वेळ ऐकलं. मग उठल्या आणि पर्स कुठे ठेवली ते विचारलं.

रविवारी काकी स्टिअरिंगवर, मी शेजारी, संदेश मागे. पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या पुलावर ट्रॅफिक ठप्प झालं. इनटेक जोडातून हवा ओढत असेल तर गाडी अशाच ठिकाणी, नुसतं उभं राहून, आचके देऊन बंद पडते. पुढे बस, मागे रिक्षा. संदेश काहीतरी सूचना द्यायला पुढे वाकला, तर काकींनी त्याला गप्प बसवलं. गाडी एका लयीत गुरगुरत उभी होती. बस हलली, आम्हीही हललो.

गिरीजला फाटकापाशी तो माणूस वाट बघत होता. त्याने बॉनेट उघडून आवाज ऐकला, खूश झाला आणि संदेशपुढे हात केला. चावी काकींकडे होती. गाडी वाटेत बंद पडली असती तर त्यांनी ती दिलीही असती, बोलल्या शब्दाच्या त्या पक्क्या. पण गाडी बंद पडली नव्हती, आणि संदेशच म्हणाला, "तुम्हाला उगाच फेरी पडली. गाडी आईची आहे. चहा घेऊन जा."

काकी चहा टाकायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

धडा सांगायचा तर इतकाच: दोन भाग एका नटाखाली बांधायचे असतील तर आधी दोघांची जाडी मोजा, मग तापणाऱ्याला सरकायला जागा ठेवा. मॅनिफोल्डवर कारागिराचं नाव कोरायची पद्धत नसते. मी कोरलंय. खालच्या बाजूला, पण कोरलंय.