गंजीखालचं पेव

निवडणूक आली की आमच्या घरात वाद पेटतो. उमेदवारानं आपली जमीन, सोनं, ठेवी सारं कायद्यानं जाहीर केलंच पाहिजे, असं नातू म्हणतो. त्याची बायको म्हणते, असल्या कागदांनी कुणाचं काही वाकडं होत नाही. मला कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की निवडून येऊ पाहणाऱ्या माणसानं आपलं सारं उघड करताना मी एकदा पाहिलंय, आणि नुसतं पाहतानाच माझी पाचावर धारण बसली होती.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि कुठंतरी दूर मोठी लढाई चालली होती. लढाई आम्ही पाहिली नाही, पण तिच्यापायी आलेली लेव्ही पाहिली. जमिनीच्या मानानं ज्वारी सरकारात घालायची. घरात खाणारी तोंडं किती, हे कुणी विचारत नव्हतं. बेंबळीच्या बाजूला माझं सासर. लग्नाला वर्ष झालं होतं आणि मी पोटुशी होते.

आमच्याकडं ज्वारी पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेला रांजणासारखा खड्डा. तोंड लहान, पोट मोठं, आतून कडब्याचं अस्तर आणि वर दगडमातीचं झाकण. एक पेव दारातच होतं, साऱ्या गावाला ठाऊक असलेलं. दुसरं सासऱ्यांनी त्या साली गोठ्यामागं खणलं आणि वर कडब्याची गंज रचली. आमची वर्षाची भाकरी आणि पुढचं बियाणं त्यात होतं. सापडलं तर तहसीलची कोठडी ठरलेली. वाटेनं एखादा घोडा गेला तरी सासूबाईंच्या हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीत पडायची.

अशात तहसीलातून हुकूम आला, की गावानं आपला एक पंच निवडावा. कुणाच्या घरी किती दाणे आहेत ते त्यानं सांगायचं आणि इथून पुढं त्यावर वसुली ठरायची. दोघं पुढं आले: वरच्या आळीतले एक बडे बागायतदार आणि आमचे सासरे. या भानगडीत पडू नका, असं सासूबाईंनी परोपरीनं विनवलं. “त्यो बसला तर गरिबाच्या घरात पीठबी ठिवणार न्हाय,” एवढंच सासरे म्हणाले.

चावडीवर गाव जमलं तेव्हा हातमाग चालवणारे एक म्हातारे मोमीन उठले आणि म्हणाले, “जो हमारे घर का दाना गिनेगा, वो अव्वल अपना बोले.” सगळ्यांना ते पटलं. मलाही आज पटतं. ठरलं असं, की मंगळवारी देवीच्या देवळासमोर दोघांनी कवड्यांची माळ हातात घेऊन आपल्याकडं काय आहे ते सांगायचं आणि मगच गावानं एकाचं नाव तहसीलला धाडायचं. आमच्या भागात माळ उचलणं म्हणजे तुळजापूरच्या आईला साक्षीला बोलावणं. माळ हातात घेऊन खोटं बोललं तर ते वंशावर येतं.

वंश काही लांब नव्हता. तो माझ्या पोटात लाथा मारत होता.

तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा लागेना. सासऱ्यांनी खरं सांगितलं तर ते कोठडीत आणि आम्ही उपाशी. खोटं सांगितलं तर काय, हे मी मनातसुद्धा पुरतं येऊ देत नव्हते. यांच्यापाशी विषय काढला तर हे म्हणाले, “भ्यायचं काय त्यात? समदेच खोटं बोलत्यात.” ते ऐकून मी जास्तच भ्याले. पाणी शेंदताना पोटातलं लेकरू हललं नाही की मी पोहरा अर्ध्यात थांबवून वाट बघायचे.

सुनेनं सासऱ्यांशी थेट बोलायची रीत नव्हती. काही सांगायचं झालं तर भांड्याला, मांजराला, गुराला उद्देशून सांगायचं आणि सासऱ्यांनी ते ऐकायचं. मंगळवारी सकाळी ते गोठ्यात कडबा टाकत होते. मी पदर ओढून गाईपुढं जाऊन उभी राहिले.

“गाई, तू तरी सांग गं,” मी म्हणाले. “माळ हातात घिऊन खोटं बोलू नगा म्हणावं. आमी उपाशी ऱ्हाऊ. पर लेकरू माजं हाय.”

ते कडबा टाकतच राहिले. मग गाईच्या पाठीवर थाप देऊन तिलाच म्हणाले, “तुज्या मालकिणीला म्हणावं, भिऊ नगंस.” माझी भीती तसूभरही कमी झाली नाही.

देवळासमोर पुरुष बसले होते, आम्ही बाया भिंतीला धरून मागं उभ्या. आधी बागायतदारांनी माळ घेतली. अगदी सहज, बाजारात भाजी उचलावी तशी. “एकच पेव हाय माजं. तेबी निम्मं रिकामं,” म्हणाले. सुगीत त्यांच्या दारात गाड्यांमागून गाड्या रिकाम्या होताना साऱ्या गावानं पाहिल्या होत्या. कुणी चकार शब्द काढला नाही.

मग सासऱ्यांनी माळ घेतली. कवड्यांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. मी पोटावर दोन्ही हात ठेवले.

“दोन हायत,” ते म्हणाले. “एक दारात. दुसरं गोठ्यामागं, गंजीखाली. भरलेलं हाय.”

मी भिंतीला टेकून खालीच बसले. लेकरू वाचलं, एवढंच डोक्यात होतं. पण आजूबाजूला पाहिलं तर कुणाच्याच चेहऱ्यावर आनंद नव्हता. माणसं वळून तहसीलच्या रस्त्याकडं बघत होती. प्रत्येकाच्या घरी काही ना काही पुरलेलं होतंच. शेवटी एकजण म्हणाला, “ह्यास्नी सोताचं झाकता येईना, ते आमचं काय झाकणार?” त्यावर बऱ्याच माना हलल्या. मोमीन चाचांनी हात वर करून थांबवायचा प्रयत्न केला, पण त्यांचं कोण ऐकतो! गावानं बागायतदारांचं नाव धाडलं.

अजून माझा संताप जात नाही. खरं सांगा म्हणून ज्यांनी माळ आणली, तेच खरं ऐकून भ्याले. म्हणून मला नातवाचं म्हणणं मान्य आहे, पण अर्धंच. सांगायची सक्ती हवी, आणि सांगितलेलं खरं की खोटं हे तपासणाराही हवा. नाहीतर जो देवीला भितो तेवढाच खरं बोलतो.

पुढं फार दिवस गेले नाहीत. वसुली तपासणारा गिरदावर आणि जवान आले, बरोबर नवे पंच, म्हणजे बागायतदार. पंच गोठ्याच्या दारात उभे राहून हलक्या आवाजात म्हणाले, “ती गंज जरा हालवा.” मी चुलीपाशी भिंतीला चिकटून बसले होते. झाकण निघाल्यावर पेवातला उबट, आंबूस वास घरभर पसरला. पोती भरल्याचे, गाड्या हाकल्याचे आवाज ऐकत राहिले. सासऱ्यांना ते सोबत घेऊन गेले. सासरे परत आले तेव्हा त्यांना उजवा हात वर उचलता येत नव्हता. पुढं गुरांना कडबा ते डाव्या हातानं टाकायला लागले.

मी बाळंत झाले. मुलगा झाला, असं सुईण म्हणाली, पण मी आधी त्याची बोटं पाहिली, मग डोळे, मग टाळू. सगळं जागच्या जागी होतं. आई पावली, असं म्हणून सासूबाईंनी हात जोडले.

त्याच पंधरवड्यात पंचांच्या घरीही नातू झाला. गोरापान, गुटगुटीत, आमच्या लेकराच्या दीडपट, असं सुईणच सांगत आली. त्याच्याही अंगात काही उणं नव्हतं. ते ऐकताना मला कळेना, मी इतके महिने नेमकी कुणाला भीत होते.

त्यांनी गावभर गूळ वाटला. आमच्याही दारात आला. सासूबाई तो उकिरड्यावर फेकायला निघाल्या. घरात दाणा नव्हता, माझं दूध आटत चाललं होतं आणि लेकरू रडत होतं. मी त्यांच्या हातून तो खडा घेतला आणि खाल्ला. गोड लागला.